चौतिसाव्या वर्षी नर्सिंग: एएनएम, जीएनएम की बाजारपेठेतला एक वर्षाचा कोर्स?

पत्राचा गोषवारा

देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचं, पत्र आलं आहे. वय ३३, येत्या फेब्रुवारीत ३४ पूर्ण. बारावी कला शाखेतून ५४ टक्के, इंग्रजीत ४६. बारावीनंतर लगेच लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. यजमान ट्रॉलरवर खलाशी आहेत, समुद्रात गेले की आठ-आठ दिवस घरी नसतात. मुलगी चौथीत. घरात सासूबाई, त्यांना बीपीच्या गोळ्या चालू. गेल्या पावसात वाडीतल्या एका गरोदर बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा ताई तिला १०८ मधून रुग्णालयात घेऊन गेल्या. रस्ताभर तिचा हात धरून बसल्या. प्रसूतिकक्षाच्या दाराशी मात्र 'आशा ना? बाहेर थांबा' एवढंच ऐकायला मिळालं. तेव्हापासून नर्स व्हायचं मनात आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' चालतो आणि तिथे शंभर टक्के नोकरीची हमी देतात. यजमान म्हणतात, तोच कर, घरी राहून होईल. मैत्रीण म्हणते, करायचं तर जीएनएम (तीन वर्षांचा जनरल नर्सिंग-मिडवाइफरीचा कोर्स), एएनएमला (दोन वर्षांच्या सहायक परिचारिकेच्या कोर्सला) कोण विचारतो? सासूबाई म्हणतात, 'ह्या वयात शाळेत जातलंस? चेडवाक (मुलीला) कोण बघतला?' ताईंचा स्वतःचा बेत असा: आता एक वर्षाचा कोर्स करायचा, मुलगी दहावी झाली की जीएनएम. हे बरोबर होईल का, असं त्या विचारतात.

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात कोर्सची, फीची, एसटीच्या वेळांची सगळी माहिती नीट मांडलेली आहे, आणि त्या रात्रीची गोष्ट शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी. माझ्या लेखी तीच पहिली. पण उत्तराची सुरुवात वयापासून करते, कारण बाकी सगळं थोडं मागेपुढे करता येईल, वय येणार नाही.

तुमची मुलगी दहावी होईल तेव्हा तुम्ही चाळिशीच्या असाल. एएनएम घ्या, जीएनएम घ्या की बीएस्सी नर्सिंग घ्या, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत प्रवेशाची वरची वयोमर्यादा ३५ आहे. म्हणजे 'नंतर जीएनएम' हा तुमच्या बेताचा अर्धा भाग कागदावरच उरतो. येत्या वर्षीची प्रवेशफेरी तुमच्या हातात नक्की आहे. त्याच्या पुढच्या वर्षीची काठावर आहे, कारण वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ठरतं. यजमानांना हे समजवायला फार वेळ लागू नये. भरती बघून खाडीतून बोट काढणाऱ्या माणसाला वेळ निघून जाणं म्हणजे काय ते आपण सांगायला नको.

या ३५ च्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तुमच्यासाठी तो फार कामाचा आहे. जिच्या नावावर आधीच एएनएमची नोंदणी आहे, तिला जीएनएमसाठी वयाची अट नाही. मैत्रीण एएनएमला नाक मुरडते आहे, पण वयाची रेघ ओलांडल्यावरही जीएनएमपर्यंत जाता येईल असा तुमच्यासारखीचा रस्ता एएनएमवरूनच जातो. बाजारपेठेतल्या कोर्सवरून जात नाही.

आता त्या कोर्सबद्दल. तिथे जाऊन एकच प्रश्न विचारा: 'हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझ्या नावाची नोंदणी होईल का?' 'आमची संस्था रजिस्टर्ड आहे' हे त्याचं उत्तर नाही. पतपेढीही रजिस्टर्ड असते. 'शासनमान्य प्रमाणपत्र' हेही उत्तर नाही, कारण कौशल्य विकासाचे कितीतरी कोर्स शासनमान्य असतात आणि तरी त्यातून नर्स होता येत नाही. 'हो, होईल' असं म्हणाले, तर ते लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून मागा. बहुतेक वेळा बोलणं इथेच थांबतं.

रुग्णसहायकाचं काम हलकं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणून शिकलेली मुलं-मुली वॉर्डात रुग्णाला कूस बदलून देतात, स्पंजिंग करतात, भरवतात, बेडपॅन देतात. घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना अशी माणसं मिळत नाहीत म्हणून आज निम्मी कोकणी घरं हैराण आहेत, कारण मुलं मुंबईला आणि आईवडील वाडीत. ज्यांचं वय ३५ च्या पुढे गेलं आहे, किंवा बारावीच झालेली नाही, त्यांच्यासाठी हे सन्मानाचं काम आहे आणि त्यांनी ते जरूर शिकावं. माझी तक्रार त्याला 'नर्सिंग' असं नाव देऊन विकण्याबद्दल आहे. तुम्ही तिथे एक वर्ष आणि पन्नासेक हजार रुपये घालवलेत, तर हातात सहायकाचं प्रमाणपत्र येईल आणि वय होईल ३५. प्रसूतिकक्षाच्या दारातून तुम्हाला आत घेणारं ते प्रमाणपत्र नाही.

'घरी राहून होईल' हे यजमानांचं म्हणणं मला कळतं, पण नर्सिंग घरी राहून होत नाही. पत्राद्वारे, मुक्त विद्यापीठातून, शनिवार-रविवारी, असा कोणताही मूळ नर्सिंगचा अभ्यासक्रम कौन्सिल मान्य करत नाही. इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी आहे, पण तो आधीच जीएनएम होऊन नोकरी करणाऱ्यांसाठी. पहिली पायरी वॉर्डात उभं राहूनच चढावी लागते.

मग राहिले दोन रस्ते, एएनएम आणि जीएनएम. बीएस्सी नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि चार वर्षं लागतात. बारावी विज्ञान झालेल्या, तिशीच्या आतल्या वाचकांनी आधी त्याचाच विचार करावा. तुमच्या बाबतीत विज्ञानाचे विषय नव्याने करण्यातच उरलेली वर्षं संपतील.

एएनएम दोन वर्षांचं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. कला शाखेची बारावी चालते. (हे पत्र कुणी पुरुष वाचत असतील तर त्यांना सांगते, एएनएम फक्त स्त्रियांसाठी आहे. ब्रदर व्हायचं तर सुरुवात जीएनएमपासून.) जीएनएम तीन वर्षांचं. तिथेही शाखेची अट नाही, एकूण गुण आणि इंग्रजी दोन्हींत ४० टक्के हवेत. तुम्ही दोन्हींत बसता. जीएनएम बंद होणार अशी आवई काही वर्षांपूर्वी उठली होती आणि अजूनही कुणीतरी सांगतं. बंद झालेलं नाही. मात्र २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला आहे, त्यामुळे नियम बदलत राहतील. शेजारच्या वहिनींच्या मुलीने चार वर्षांपूर्वी कसा प्रवेश घेतला यावर विसंबू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

आता ती रात्र.

तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, ते टोचलं. तुमच्या जागी मीही तेवढीच चिडले असते. पण एक विचारते, रागवू नका. तुम्हाला नक्की काय हवं आहे? त्या कक्षात जाऊन बाळंतपण करणं, की 'बाहेर थांबा' म्हणणाऱ्या सिस्टरच्या बरोबरीला येणं? दोन्ही इच्छा रास्त आहेत. फक्त त्यांचे रस्ते वेगळे आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. जीएनएमचा आग्रह मला थोडा या दुसऱ्या इच्छेतून आलेला वाटतो.

डोळ्यासमोर दोन दिवस आणून बघा. पहिला: सकाळी आठला मॉर्निंग ड्यूटी, सर्जरीचा वॉर्ड, चाळीस खाटा, रात्रपाळीच्या सिस्टरकडून हँडओव्हर. सलाईन, ड्रेसिंग, ऑपरेशनला जाणाऱ्यांची तयारी, डॉक्टरांचा राउंड, नातेवाइकांची गर्दी, दोन वाजता रिपोर्ट लिहून सुटका. पुढच्या आठवड्यात नाईट. ही जीएनएम झालेल्या अधिपरिचारिकेची दुनिया. दुसरा दिवस: उपकेंद्र, लसीकरणाचं सत्र, गरोदर बायकांची तपासणी, एका वाडीत क्षयरुग्णाच्या गोळ्यांची चौकशी, भातलावणीनंतर ताप आलेल्या माणसाला लेप्टोचा संशय घेऊन वेळेत पुढे पाठवणं, आणि सगळ्याची नोंद रजिस्टरात आणि पोर्टलवर. ही एएनएमची. उपकेंद्रातल्या ज्या सिस्टरबरोबर तुम्ही सात वर्षं काम केलंत, त्या कोण आहेत? एएनएमच. गावाने त्यांना कधी 'तुम्हाला कोण विचारतो' म्हटलं?

यातला कोणता दिवस वाचताना तुम्ही पुढे सरसावलात ते तुम्हालाच ठाऊक. पत्रावरून माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो. तुम्ही नवजात बाळाच्या गृहभेटींबद्दल जे लिहिलं आहे, ते पत्रातलं सगळ्यात जिवंत लिखाण आहे: तिसऱ्या दिवशी झोळीच्या काट्यात बाळ ठेवलं, काटा स्थिर होईना, आजी म्हणाली नजर लागेल, तर तुम्ही आधी आजीच्या हातातलं उपरणं त्या झोळीत घातलंत आणि मग बाळ. वजन मिळालं आणि आजीही खूष. हे कोणत्याही नर्सिंग शाळेत शिकवता येत नाही. शाळा तुम्हाला त्या वजनाच्या पुढचं शिकवेल, म्हणजे बाळ दूध ओढत नाही, अंग गार आहे, तर नक्की काय करायचं आणि किती वेळात.

पैशांचं बोलू, कारण ते कुणी उघड बोलत नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, जिल्हा परिषदेच्या आरोग्य परिचारिकेचं २५,५०० पासून. फरक आहेच. पण हे कायम पदांचे आकडे. कंत्राटी नोकरीत आणि खाजगी दवाखान्यात दोघींनाही यापेक्षा कमी मिळतं, कधी कधी बरंच कमी. आणि कायम पदासाठी पुन्हा वय आलं: सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ पर्यंत आणि मागास प्रवर्गाला ४३ पर्यंत मर्यादा असते. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. खुला असेल तर जीएनएम, निकाल, कौन्सिलची नोंदणी हे होईतो तुम्ही ३८ च्या उंबरठ्यावर असाल, आणि भरतीची जाहिरात आपल्या सोयीने निघत नाही. एएनएमने तुम्हाला एक वर्ष जास्त मिळतं. मागास प्रवर्गात असाल तर ही घाई नाही आणि जीएनएमचं पारडं जड होतं. खाजगी रुग्णालयांना यातलं काहीच लागू नाही. तिथे हात चांगला आहे का आणि नाईटला येणार का, एवढंच विचारतात.

जीएनएमच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी इथे शिकलेल्या मुलींना नोकरीसाठी मुंबई नाहीतर गोवा गाठावं लागे. आपले गंभीर रुग्ण अजूनही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. पण गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली. जिथे वैद्यकीय महाविद्यालय, तिथे मोठं रुग्णालय, आणि तिथे प्रशिक्षित अधिपरिचारिका लागणारच. तीन वर्षं वसतिगृहात राहायची तयारी असेल, तर हा विचार सोडून देऊ नका. पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत होतं, शिकवण्याच्या बाजूलाही जाता येतं.

तरी माझं मत विचाराल तर, घर, वय आणि तुमचा स्वभाव पाहता, रोज जाऊन-येऊन करता येईल अशा ठिकाणी एएनएमची जागा मिळत असेल तर ती घ्यावी. अर्ज मात्र दोन्हीकडे करा. जागा कुठे लागते ते आधी कळू दे, निवड त्यानंतर. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी शाळांत फी नाममात्र आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे खाजगीही बघावं लागेल.

खाजगी शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसमध्ये बसून माहितीपत्रक वाचत बसू नका. त्या शाळेचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, आणि एएनएम-जीएनएमची परीक्षा घेणाऱ्या राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाने या वर्षी किती जागा मंजूर केल्या आहेत, हे घरूनच मोबाईलवर बघून जा. मग तिथे पोचल्यावर विचारा, विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात ड्यूटी करतात, आणि सरळ त्या रुग्णालयात जा. खाटा किती, त्यांतल्या भरलेल्या किती, महिन्याला बाळंतपणं किती होतात? प्रसूतिकक्ष रिकामा असलेल्या शाळेत तुम्ही बाळंतपण कशावर शिकणार? कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी गाठा. ती जे सांगेल ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळणार नाही: मूळ कागदपत्रं अडकवून ठेवतात का, परीक्षा फीच्या वेळी 'इतर शुल्क' किती निघतं, वसतिगृहाची सक्ती विवाहितांना आहे का. हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी निर्णायक आहे, कारण काही शाळांत सूट मिळते आणि काहींत अजिबात नाही.

हजेरीचं गणित प्रवेशाआधी समजून घ्या. वर्गातल्या तासांना ८० टक्के हजेरी लागते, पण वॉर्डातले प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. मुलीला ताप आला म्हणून राहिलेली ड्यूटी नंतर भरावी लागते, ती माफ होत नाही. आणि गणपती! कोकणातल्या सुनेने गणपतीत वॉर्डात ड्यूटी करायची, हे घरात आत्ताच सांगून ठेवा. मुंबईहून दीर-जावा उतरलेल्या असताना ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री हा विषय निघाला तर काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

सासूबाईंचा प्रश्न मला अजिबात अडाणी वाटला नाही. 'चेडवाक कोण बघतला' हा तुमच्या सगळ्या पत्रातला सर्वांत व्यवहारी प्रश्न आहे. तुम्ही त्यांना विचारलंत 'मी शिकू का?', आणि अशा प्रश्नाला घरातली मोठी माणसं 'कशाला?' असंच म्हणतात. त्याऐवजी दिवस मांडून दाखवा. वस्तीची गाडी सकाळी सहाला सुटते, तुम्ही घरी यायला संध्याकाळचे साडेसहा. मधल्या वेळात मुलीचा डबा, शाळेतून येणं, दुपारचं जेवण, सासूबाईंची बीपीची गोळी, महिन्याची तपासणी. यातलं काय त्या करू शकतात, काय तुमच्या आईकडून किंवा शेजारच्या जावेकडून होईल, आणि कशासाठी पैसे मोजावे लागतील? त्या सत्तरीकडे झुकलेल्या असतील तर मुलगी त्यांना सांभाळते आहे की त्या मुलीला, हाही विचार करा. नाईट ड्यूटीच्या आठवड्यांचं वेगळं ठरवावं लागेल.

यजमानांशी हे बोलायला पावसाळ्यातली मासेमारीबंदी बरी. तेव्हा ते घरी असतात आणि प्रवेशाची धावपळही साधारण त्याच सुमाराला सुरू होते. पण बंदी उठली की ते समुद्रावर आणि तुम्ही वर्गात, म्हणून त्यांच्या 'हो'चा अर्थ त्यांनी आधीच ठरवून द्यायला हवा. पैसे कधी येणार, किती, कोणत्या खात्यात. एका हंगामाला मासळी कमी लागली तर फीचा दुसरा हप्ता कुठून? शिष्यवृत्तीसाठी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो, पण ती रक्कम उशिरा येते हे गृहीत धरा. दागिने गहाण ठेवायचेच झाले तर मान्यताप्राप्त शाळेच्या फीसाठी ठेवा, एक वर्षाच्या कोर्ससाठी नको.

आशाचं काम मात्र एवढ्यात सोडू नका. प्रवेश पक्का होऊन फी भरल्याची पावती हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि आशाचं काम एकत्र चालणार नाही हे खरं, पण ते कधी आणि कसं सोडायचं याबद्दल गटप्रवर्तक आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी आधी बोला. कामाच्या अनुभवाचं पत्रही तेव्हाच मागून घ्या, नंतर ते देणारी माणसं बदललेली असतात.

तुम्ही इंग्रजीबद्दल आणि वयाबद्दल लिहिलं आहे. इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. एएनसी, पीएनसी, एचबी, बीपी, आयर्न, कॅल्शियम, डॉक्सी, रेफर, हाय रिस्क, हे तुम्ही रोज बोलता. वॉर्डातली बीडी, टीडीएस, एसओएस, एनबीएम ही भाषा महिन्याभरात अंगवळणी पडते. अवघड जाते ती शरीररचना, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच. प्रवेश होईपर्यंत दहावीपर्यंतची विज्ञानाची मराठी पुस्तकं वाचून काढा, म्हणजे इंग्रजी शब्द आला तरी मागची गोष्ट माहीत असेल.

वयाचं मात्र टोचेल, ते खोटं सांगत नाही. बाकावर शेजारी अठराची मुलगी असेल आणि शिकवणारी ट्यूटर पंचविशीची. ती सगळ्यांसमोर म्हणेल, 'बेडचा कोपरा असा नाही, परत घाला.' घरी पंधरा वर्षं अंथरुणं घातलेल्या बाईला हे ऐकायचं. घाला परत. वॉर्डातली चादर घरच्यासारखी घालत नाहीत, कारण एका सुरकुतीवर आठ दिवस पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोठ्या वयाच्या विद्यार्थिनी गळतात त्या अभ्यासामुळे क्वचितच, बहुतेक अशा चारचौघांतल्या बोलण्यामुळे. नंतर चित्र पालटतं. पहिला मृत्यू बघून अठराची मुलगी जिन्यात रडत बसते, तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसणारी तुमच्यासारखीच कुणीतरी असते.

आणि मोठ्या वयात नर्सिंग शिकणं हे आपल्याकडे काही नवीन नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष होत्या, आणि ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला सेवासदनाने ज्या बायका पाठवल्या त्यांच्यात विधवा होत्या, संसाराचे चटके खाल्लेल्या होत्या. त्या काळी सासूबाईंच्या प्रश्नाच्या दहापट बोलणी त्यांनी ऐकली असतील.

आता कागदपत्रं, कारण तुमच्यासारख्या परत शिकायला निघालेल्या बायकांची गाडी नेमकी इथे अडते. बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने असणार, आधार आणि बँक खातं सासरच्या. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि शक्यतो नावबदलाचं राजपत्र करून ठेवा. जातीचा दाखला आणि जातवैधता वडिलांच्या बाजूने लागते, म्हणून माहेरी कुणाकडे कोणते जुने दाखले आहेत ते भावाला आत्ताच शोधायला सांगा. वैधतेला महिने लागतात. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागेल. अधिवास, लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर, आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. हे सगळं दिवाळीनंतर हळूहळू जमवायला घेतलंत तर जूनमध्ये तहसीलच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. सुरुवात विवाह नोंदणीपासून करा. तुमच्या वेळी ग्रामपंचायतीत झाली होती की नाही, ते आधी बघा.